सात बेचाळीसच्या गाडीतल्या मैत्रिणींना काय सांगू?

प्रश्न : बदलापूरहून एका ४३ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मशीद बंदर येथे आयात-निर्यातीची कस्टम्सची कागदपत्रे करणाऱ्या एका कार्यालयात त्या चौदा वर्षे नोकरी करीत होत्या. कार्यालय न्हावा शेवाकडे हलले, माणसे कमी केली गेली आणि जूनअखेर त्यांची नोकरी गेली. पतीला हे ठाऊक आहे. मात्र गेली अकरा वर्षे सकाळी ७.४२ च्या लोकलने ज्या दहा जणींबरोबर त्या प्रवास करतात, त्यांना त्यांनी काहीच सांगितलेले नाही. ‘आता आमचे काम दादरहून चालते’ असे सांगून त्या सात आठवडे रोज डबा घेऊन त्याच गाडीत चढतात, दादरला उतरतात, एका वाचनालयात बसून अर्ज पाठवतात आणि दुपारी परततात. या अकरा जणींची एप्रिलपासून भिशी चालू आहे. दरमहा प्रत्येकी २,००० रुपये असतात आणि मे महिन्याची २२,००० रुपयांची भिशी यांनीच उचलून मुलाच्या बारावीच्या क्लासची फी भरली. आता सहा हप्ते बाकी आहेत. त्यांचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले आहे. गावाच्या मुंबई मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्या कस्टम्सच्याच व्यवसायात आहे, पण ‘वशिल्याने नोकरी मिळवायची नाही, हे गिरणीत राबलेल्या वडिलांनी शिकवले, शिवाय लग्न होऊन गेलेल्या मुलीला मंडळात कोण विचारतो?’ असे त्या लिहितात. त्यांचा प्रश्न असा : ‘या गाडीतल्या मैत्रिणी आहेत, सख्ख्या नव्हेत. त्यांना सांगून त्यांच्या नजरेतून उतरावे, की हप्ते कसेबसे भरून हळूहळू दुसरी गाडी धरावी? आणि मंडळात शब्द टाकावा का?’

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या डब्यापाशी थांबले. कामावर जायचे नसताना पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा, गाडीत ‘आज भाजी कोणती?’ या प्रश्नाला नेहमीसारखे उत्तर द्यायचे आणि तोच डबा दुपारी एकटीने उघडायचा, हे सात आठवडे करणे किती थकवणारे असेल, याची मला कल्पना करता येते. तुम्ही कोणाला फसवण्यासाठी हे केलेले नाही. नोकरी गेल्यानंतरही सकाळची ती सव्वा तासाची जागा आपली राहावी, एवढ्यासाठी केले आहे. तेव्हा आधी स्वतःला दोष देणे थांबवा आणि मग आपण तुमच्या पत्रातल्या तीन शब्दांकडे पाहू. ते शब्द आहेत ‘गाडीतल्या’, ‘वशिला’ आणि ‘कोण विचारतो’.

‘गाडीतल्या मैत्रिणी, सख्ख्या नव्हेत’ असे तुम्ही सहज लिहून गेलात. बदलापूर ते दादर सव्वा तास, वर्षातले सुमारे २७० दिवस आणि अशी अकरा वर्षे, असा हिशेब केला तर या दहा जणींच्या सहवासात तुमचे साडेतीन हजारांहून अधिक तास गेले आहेत, आणि ते नुसते सकाळचे. सख्ख्या बहिणीबरोबर, लग्नानंतर, एवढे तास किती जणींच्या वाट्याला येतात? याच डब्यात हळदीकुंकू झाले असेल, कोणाचे डोहाळजेवण झाले असेल, दसऱ्याला खिडकीला तोरण बांधले गेले असेल. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा सांगून ठेवणे आणि गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीला कल्याण येण्याआधीच आपली जागा देणे, हे दिसायला साधे व्यवहार आहेत. पण वर्षानुवर्षे असे देत-घेत गेलेल्या माणसांना ‘नुसत्या ओळखीच्या’ म्हणणे हा त्यांच्यावर आणि तुमच्यावरही अन्याय आहे.

मुंबईतल्या कामगारांचे नाते-गोते नेहमीच असे रक्ताच्या नात्याबाहेर विणले गेले आहे, आणि तुमच्या वडिलांनी ते जवळून पाहिले असणार. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून लालबाग-परळला आलेला माणूस गावाच्या नावाने चालणाऱ्या खोलीत राहायचा. एकेका खोलीत वीस-तीस जणांच्या ट्रंका भिंतीला लागून असायच्या आणि पाळीनुसार झोपायच्या जागा बदलायच्या. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा अंथरूण सोडायचा. जेवण खाणावळीत. माझी आत्या डिलाईल रोडला अशी खाणावळ चालवीत असे आणि तिची वही मी लहानपणी हाताळली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर एका माणसाचे नाव आणि त्याखाली जेवणाच्या वेळांच्या उभ्या रेघा. पगाराच्या दिवशी रेघा मोजून हिशेब व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा त्या वहीत रेघा वाढत गेल्या आणि हिशेबाचा दिवस मात्र आला नाही. कित्येक जण गावी शेतीवर गेले. आत्याचे सर्वांत मोठे दुःख पैसे बुडल्याचे नव्हते. काही माणसे तोंड चुकवून, निरोपही न देता निघून गेली, हे तिला लागले होते. ‘सांगून गेले असते तर मी भाकरी दिली नसती का?’ हे वाक्य ती म्हातारपणीही म्हणत असे. तुम्ही दुसरी गाडी धरण्याचा विचार करता आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता वशिल्याविषयी. वडिलांनी तुम्हाला जे शिकवले त्यामागे अनुभव होता आणि मी तो हलका लेखणार नाही. गिरण्यांत कित्येक वर्षे माणूस लावून घेण्याची सत्ता जॉबरच्या, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाच्या, हाती होती. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याच्या मर्जीतला असेल त्याला काम मिळायचे; बाकीच्यांना फाटकाशी बदलीसाठी, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी दिवसापुरत्या कामासाठी, ताटकळावे लागायचे आणि काम टिकवण्यासाठी दस्तुरी, म्हणजे त्याचा हप्ता, मोजावी लागायची. ज्याने हे भोगले त्याला ‘ओळख’ या शब्दाचीच चीड येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या खोलीने तुमच्या वडिलांना पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा दिली, ज्या गाववाल्याने ‘अमक्या खात्यात माणसे घेताहेत, उद्या पहाटे चल’ असे सांगितले, तीही ओळखच होती. तिला ते वशिला म्हणाले नसते.

या दोहोंतला फरक मी असा करते. एखाद्या ठिकाणी जागा आहे, तिथे कोणाला भेटायचे, पगार वेळेवर होतो का, साहेब कसे आहेत, हे कोणी सांगितले तर ती खबर. आपली पात्रता बाजूला ठेवून, दुसऱ्याचा हक्क डावलून, कोणाच्या दबावाने काम मिळवले तर तो वशिला. खबर मागण्यात कमीपणा नाही, कारण ती मिळाल्यावरही परीक्षा तुमचीच होते. बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिल, म्हणजे आयातीची आणि निर्यातीची कस्टम्सची कागदपत्रे, चौदा वर्षे तयार केलेल्या बाईला कामाची परीक्षा द्यायला घाबरण्याचे कारण नाही. तिला अडचण एवढीच आहे की परीक्षा कुठे चालू आहे ते कळत नाही. या व्यवसायातल्या लहान कार्यालयांतल्या कितीतरी जागांची जाहिरातच निघत नाही. मालक हाताखालच्या माणसाला ‘कोणी माहितीतले आहे का?’ असे विचारतो आणि जागा भरते. वाचनालयात बसून पाठवलेले अर्ज त्या संभाषणापर्यंत पोहोचत नाहीत.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात याच गोष्टीची मोजदाद आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले की, ज्याने खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले जेमतेम सहावा हिस्सा निघाले; निम्म्याहून अधिक जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. आपल्या अगदी जवळची माणसे आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यामुळे त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर येते ती दुसऱ्या वर्तुळातून. ती पाहणी वरच्या नोकऱ्यांतल्या अमेरिकी पुरुषांची होती, म्हणून ती मुंबईला जशीच्या तशी लावू नये. तरीही तुमच्या गाडीकडे या दृष्टीने एकदा पाहा. तुमच्या पत्राप्रमाणे या दहा जणींत एक महापालिकेच्या रुग्णालयात आहे, दोघी बँकेत, एक पोस्टात, एक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात, एक शाळेत. माया सख्ख्या बहिणींची, पण प्रत्येकीची दिवसभराची दुनिया निराळी आणि उतरण्याचे स्थानक निराळे. असे मिश्रण नात्यागोत्यात सापडत नाही, इमारतीतही क्वचितच सापडते. हिरे बाजारातून माल परदेशी जातो, त्याची कागदपत्रे कोणीतरी करते. बँकेतल्या मैत्रिणीकडे आयातदारांची खाती असू शकतात. तुम्ही रोज अशा मैत्रिणींच्या मांडीला मांडी लावून बसता आणि ‘काम दादरहून चालते’ असे सांगून तुमच्यापर्यंत येऊ शकणारी खबर स्वतःच अडवता, याचे मला फार वाईट वाटते.

सांगितल्यावर नजरेतून उतराल, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. एखादी चुकचुकेल, एखादी पाठीमागे बोलेल, आणि ‘मग दादरचे काय?’ हा प्रश्न तर येणारच. त्या प्रश्नाला ‘लाज वाटली म्हणून खोटे बोलले’ एवढेच उत्तर पुरे आहे. मात्र भिशीमुळे गप्प राहण्याचा मार्ग तुम्हाला खरे तर उरलेलाच नाही. भिशीला कागद नसतो, जामीन नसतो. आपण उचलल्यावरही भरत राहू, या शब्दावर ती चालते. तुमचे १२,००० रुपये देणे आहे. आज तुम्ही सांगितलेत तर ती एका मैत्रिणीची अडचण ठरेल; एखादा हप्ता चुकल्यानंतर कळले तर मे महिन्यातली उचलसुद्धा संशयाने पाहिली जाईल, जी वास्तविक नोकरी जाण्याच्या आधीची आणि निर्मळ आहे. म्हणून गाडी बदलण्याचा विचार सोडून द्या.

सांगायचे कसे, हे मात्र विचारपूर्वक ठरवा. ग्रुपवर संदेश टाकू नका. तिथे हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल आणि विषय बुडेल. आधी भिशीची वही जिच्याकडे असते तिला एकटीला, गाडी लागण्यापूर्वी दहा मिनिटे फलाटावर गाठा. पैशांचे आधी बोला : जूनअखेर नोकरी गेली, सहा हप्ते बाकी आहेत, सप्टेंबरचा आणि ऑक्टोबरचा मी भरणार आहे, त्यापुढे अडचण आली तर महिनाभर आधी सांगेन. जे भरता येणार नाही त्याचे वचन देऊ नका. दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात चौदा वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क असतो, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने. ती मिळाली नसेल तर जुन्या कार्यालयाकडे लेखी मागणी करा, म्हणजे हप्त्यांची चिंता बरीच हलकी होईल. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाडीत, सगळ्या स्थिरस्थावर झाल्या की, स्वतःच्या तोंडाने सांगा. तुमच्याआधी दुसरीने सांगता कामा नये. आणि मागताना नोकरी मागू नका. ‘माझ्यासाठी काहीतरी बघा’ या वाक्याने समोरचीला ओझे वाटते आणि करायचे नेमके काय ते तिला समजत नाही. त्याऐवजी असे काही म्हणा : ‘कस्टम्सची कागदपत्रे, आयात आणि निर्यात दोन्ही, मी चौदा वर्षे केली. ठाण्याहून गाडी बदलून वाशी-बेलापूरपर्यंत जायची माझी तयारी आहे. तुमच्या, घरच्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या माहितीत असे काम करणारे कार्यालय असेल तर मला फक्त नाव सांगा, फोन मी स्वतः करीन.’ एवढे नेमके बोललात तर ऐकणारी घरी जाऊन नवऱ्याला, दिराला तेच शब्द सांगू शकते. खबर अशीच पुढे सरकते.

खबर आली आणि तिचा उपयोग झाला नाही, तरी जिने दिली तिला दोन दिवसांत कळवा. पुष्कळ माणसे इथे चुकतात. दुसऱ्या खेपेला त्यांना कोणी काही सांगत नाही आणि आपले काय चुकले हे त्यांना समजत नाही.

मंडळाबद्दल माझे मत थोडे सावध आहे. गावाच्या मंडळांनी मुंबईत माणसांना आधार दिला, आजारपणात वर्गणी काढली, मर्तिकाला गाडी केली, हे खरे. पण ही मंडळे बहुधा पुरुषांची राहिली आणि त्यांच्या ओळखी ठरलेल्या वाटांनीच गेल्या. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला आहे. कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी जातभाईंच्या ओळखीने मिळणाऱ्या कामांची वाट तयार होती, म्हणून इंग्रजी शिक्षणाचे मोल वाढल्यानंतरही त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमाकडेच अधिक वळत राहिले. मुलींना त्या ओळखींत कधी स्थानच नव्हते. त्यामुळे त्या मोकळ्या राहिल्या आणि इंग्रजी माध्यमाकडे त्यांच्याहून वेगाने गेल्या, असे त्यांना आढळले. हे वाचताना मला मराठी शाळांसाठी वाईट वाटते, आणि तरीही त्यातली मुलींची गोष्ट पुनःपुन्हा आठवते. ‘मुलीला मंडळात कोण विचारतो?’ हा तुमचा प्रश्न म्हणजे तुमचा एकटीचा न्यूनगंड नव्हे, त्याला जुना इतिहास आहे. पण त्या काळी विचारले गेले नाही, म्हणून आता विचारू नये, असे त्यातून निघत नाही. वडिलांनी आयुष्यभर वर्गणी भरली. तुम्ही त्यांच्या मुलगी आहात, आणि दुसरे म्हणजे त्या पुतण्याच्या व्यवसायातल्या चौदा वर्षांच्या अनुभवी कर्मचारी आहात. फोन करताना दुसरी ओळख आधी सांगा, पहिली नंतर.

अध्यक्षांना मध्यस्थ करू नका, त्यांच्याकडून पुतण्याचा क्रमांक तेवढा घ्या आणि त्याच्याशी स्वतः बोला. शब्द टाकून मिळालेल्या नोकरीत पुढे अडचणी येतात. पगार कमी ठरला तरी बोलता येत नाही, उशिरापर्यंत थांबवले तरी ‘काकांच्या ओळखीने आलात’ याची आठवण दिली जाते, आणि सोडायची वेळ आली तर गावापर्यंत बोल लागतो. तेव्हा त्याने नोकरी देऊ केली तर नेमणूकपत्र, पगाराचा आकडा आणि कामाचे तास लेखी मागा. आस्थापनेत वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू असतो, तेही विचारा. गाववाला आहे म्हणून हे विचारायला संकोचू नका; परक्याकडे विचारले असते तेच इथेही विचारायचे.

तुमच्यासारखी पत्रे मला इतरांकडूनही येतात, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. सेकंड क्लासच्या डब्यात रोज भजन म्हणणाऱ्या मंडळींपैकी कोणाची नोकरी गेली असेल, तर टाळ घेऊन गप्प बसण्याऐवजी शेजारच्याला सांगावे. घरकाम करणाऱ्या बायकांकडून यात शिकण्यासारखे आहे : गावी जाणारी बाई ‘माझे काम ही करील’ म्हणून दुसरीला बाईंपुढे उभी करते आणि इमारतीतल्या रिकाम्या कामांची बातमी दुपारपर्यंत जिन्याने खाली येते, त्यात कोणालाच लाज वाटत नाही. ज्यांना विचारले जाते त्यांनीही ‘बघतो’ म्हणून महिना काढू नये. जमणार नसेल तर आठवड्यात तसे सांगावे, म्हणजे माणूस वाट पाहत राहत नाही. आणि नोकरीसाठी अनामत, नोंदणी किंवा प्रशिक्षणाचे पैसे आधी मागणारा संदेश कितीही ओळखीच्या ग्रुपवर आला तरी एक रुपयाही पाठवू नये. संदेश पुढे ढकलणाऱ्या मैत्रिणीनेही तो न तपासताच ढकललेला असतो.

तुम्ही लिहिता की भिशीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो. म्हणजे फलाटावरचे बोलणे त्याआधी व्हायला हवे. मी तर म्हणेन, येत्या सोमवारीच. त्या दिवशी मशीदपर्यंत जायचे नाही, दादरलाही उतरायचे नाही. सगळ्यांना सांगून झाले की ठाण्याला उतरा आणि पनवेलची गाडी पकडून बेलापूरला एक चक्कर मारून या, तिथली कार्यालये डोळ्यांखालून घाला. डबा असू द्या, तिकडे लागेल. पुतण्याला फोन मात्र त्याच आठवड्यात करा, कारण गणपतीला सगळे चाकरमानी गावी गेले की पंधरा दिवस मुंबईत कोणीच सापडणार नाही.